आई-बाबांना पत्र: ती सिरीयल बंद करा आणि हे बघा

प्रिय आई आणि बाबा,
सा. नमस्कार.

फोनवर सांगून उपयोग होत नाही, ह्या कानाने ऐकता आणि त्या कानाने सोडून देता, म्हणून लिहूनच पाठवतेय. बाबांनी मोबाईलवर अक्षर मोठं करून घ्यावं आणि आईला वाचून दाखवावं, मधले मधले शब्द न गाळता.

हल्ली आपलं फोनवर बोलणं काय होतं बघा. जेवलीस काय, पाऊस कसा आहे, गोळ्या घेतल्या का, लाईट आहे ना, बरं ठेवू मग. आणि मागे सिरीयल चालूच, तीच बाई दाराआड उभी राहून दुसऱ्याचं बोलणं ऐकतेय. आई, तू स्वतःच म्हणतेस मेलीला दुसरा धंदा नाही, तरी सात ते दहा तिच्यासमोर बसून असतेस. दादाने एवढा मोठा टीव्ही आणून लावला, नेटचं रिचार्ज मी भरते, आणि त्यावर तुम्ही बघता काय तर बातम्यांमधली भांडणं आणि सिरीयलमधली भांडणं. आता होड्या वर ओढलेल्या, आंब्याच्या कलमांत काही काम नाही, बाहेर पडलं तर गुडघाभर चिखल, मग घरी बसून बघायचं तर काहीतरी धड बघा की.

म्हणून आठवड्याला एक, जमलं तर दोन पिक्चर. आणि मुद्दाम सगळे वेगवेगळ्या जातीचे सांगतेय, नाहीतर बाबा सगळे कोर्टाचे बघतील आणि आई सगळे रडायचे.

सुरुवात ‘नारबाची वाडी’पासून करा, 2013 चा आहे, दिलीप प्रभावळकर नारबा झालेत. आपल्याकडचीच गोष्ट, म्हातारा, त्याचे माड-पोफळी, आणि ती वाडी घशात घालायला टपलेला खोत. खोत मरतो पण त्याची हाव काय मरत नाही, मग त्याचा मुलगा येतो आणि करार करतो, नारबा जिवंत आहे तोपर्यंत दर महिन्याला पैसे, नारबा गेला की वाडी माझी. आणि नारबा काय जायचं नाव घेत नाही! प्रत्येक वेळी वाटतं आता गेला, खोताकडचे आनंदात, आणि म्हातारा परत उठून बसतो. मूळ हे बंगाली नाटक आहे, मनोज मित्रांचं, त्यावर तपन सिन्हांनी 1980 मध्ये बंगाली पिक्चर केला होता, पण बघताना अजिबात कळत नाही की हे बाहेरून आलंय, इतकं ते आपल्या मातीतलं होऊन गेलंय. बाबा, तो प्लॉटवाला एजंट आठवतो ना, पांढरी गाडी घेऊन आलेला, चपला न काढता पडवीत लोट्यावर येऊन बसला आणि तुम्हाला म्हणाला काका तुमच्या मागे हे सगळं बघणार कोण. तुम्ही त्याला कोकम सरबत पाजून परत पाठवलात आणि नंतर दोन दिवस कोणाशी बोलला नाहीत. त्या माणसासाठी तरी हा पिक्चर बघा. आणि तो परत आला तर त्यालाही बसवून दाखवा.

आपल्या बाजूचे अजून दोन आहेत. ‘किल्ला’ म्हणजे बाप गेलेला मुलगा, आईची सरकारी नोकरीत कोकणात बदली होते, त्याला तिथे काहीच आवडत नाही, मग हळूहळू शाळेतली उनाड पोरं, सायकली, पावसातला किल्ला. अविनाश अरुणने दिग्दर्शनही केलंय आणि कॅमेराही त्याचाच आहे, बर्लिनच्या फेस्टिवलमध्ये मुलांच्या विभागात बक्षीस मिळालं होतं. गोष्ट म्हणाल तर थोडीशीच, बाबांना मध्ये वाटेल की काही घडतच नाहीये, पण पाऊस बघा त्यातला. मुंबईवाले दाखवतात तसा नळाचा पाऊस नाही, आपला पाऊस, आडवा येणारा. अमृता सुभाषने त्यात आई केलीय, नोकरीत नवीन, घरात एकटी, आणि सगळं मनात ठेवणारी. आई, तुझी बालवाडीची नोकरी लागली तेव्हाचे दिवस तू कधी सांगत नाहीस, हा बघितल्यावर सांग.

दुसरा ‘श्वास’. हा बघितलाय म्हणाल, पण बाबांनी अर्धाच बघितलाय, पाणी आणायला म्हणून उठले ते परत आलेच नाहीत, मला माहितीय. कोकणातले आजोबा नातवाला डोळ्यांच्या आजारासाठी शहरात घेऊन येतात आणि कळतं की जीव वाचवायचा तर दृष्टी जाणार. ऑपरेशनच्या आधी आजोबा त्याला हॉस्पिटलमधून गुपचूप बाहेर घेऊन जातात, डोळे आहेत तोवर जग बघून घे म्हणून. 2004 मध्ये ह्याला राष्ट्रपतींचं सुवर्णकमळ मिळालं, त्याच्याआधी मराठीला तसा मान एकदाच मिळालेला, अत्र्यांच्या ‘श्यामची आई’ला, तो 1953 चा पिक्चर, म्हणजे पन्नास वर्षं मध्ये कोरडी गेली. ‘श्यामची आई’ तर आपल्या दापोली-पालगडचीच, ती काय सांगायला नको, आईला पाठ आहे. फक्त आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन चेकअप नीट पार पडेपर्यंत ‘श्वास’ लावू नका हां, उगाच डोक्यात काहीतरी घेऊन बसेल.

मध्ये मध्ये हसायचे बघा. ‘अशी ही बनवाबनवी’ सांगत नाही, तो टीव्हीवर लागला की तुम्ही बघताच. ‘अंगूर’ बघा, गुलजारचा, 1982 चा, संजीव कुमार दोन आणि देवेन वर्मा दोन, नाटक मूळ शेक्सपिअरचं. देवेन वर्माकडे जास्त लक्ष ठेवा, तो काही न करता हसवतो. मग सई परांजपेंचा ‘कथा’, चाळीतला, नसीरुद्दीन साधासुधा आणि फारुख शेख थापाड्या. त्यातली चाळ बघून बाबांना गिरगावातली मामांची खोली आठवेल आणि मग ती लाल दिव्याच्या ट्रामची गोष्ट सुरू होईल, आई, तेवढी सहन कर.

‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ पण हसण्याच्या खात्यातच धरा. दादासाहेब फाळक्यांनी 1913 चा ‘राजा हरिश्चंद्र’ कसा बनवला त्याची गोष्ट, परेश मोकाशीचा पिक्चर. मला वाटलेलं थोर माणसाचं चरित्र म्हणजे मागे बासरी आणि सगळे गंभीर, पण हा माणूस घरातलं सामान विकतोय, विलायतेला जाऊन कॅमेरा आणतोय, बायकापोरं सगळी त्याच्या वेडात सामील. तारामतीच्या कामाला बाई मिळेना, शेवटी हॉटेलात काम करणाऱ्या साळुंकेला साडी नेसवली, आणि मिशी काढायची म्हटल्यावर जे होतं ते बघाच. दशावतारात राधा होणारा पुरुष आपल्याला नवीन नाही, त्यामुळे तुम्हाला त्यात जास्त मजा येईल, इथल्या लोकांना ते फक्त विनोदी वाटतं.

आता परदेशी. आई लगेच म्हणणार “माका काय्येक समाजाचा नाय”. ऐकून घे. ज्यात बोलणं जवळजवळ नाहीच तो लाव आधी, चार्ली चॅप्लिनचा ‘मॉडर्न टाइम्स’, 1936 चा. कारखान्यातला कामगार, मालकाला वाटतं जेवणाची सुट्टी वाचवावी म्हणून भरवायचं मशीन आणतात आणि ते ह्याच्यावर ट्राय करतात, सूप अंगावर, मक्याचं कणीस तोंडासमोर गरागरा फिरतंय, आणि हा बांधलेला. मी ऑफिसमधून येऊन हा बघितला आणि मला हसू आणि राग दोन्ही आलं, कारण आमच्याकडे पण आता मिटिंगमध्येच डबा खायची पद्धत पडलीय. ते जाऊदे.

ज्यात बोलणं आहे त्यात खाली इंग्रजी अक्षरं येतात, ती सेटिंगमध्ये जाऊन मोठी होतात, दादा शनिवारी आला की करून देईल. बाबांनी वाचून आईला मराठीत सांगायचं. पेपर रोज मोठ्याने वाचताच, तसंच. चुकीचं सांगितलं तरी चालेल, आईला कळतं चेहऱ्यावरून, ती तुमच्या आधी ओळखते कोण खोटं बोलतोय.

बाबांसाठी ‘12 अँग्री मेन’, 1957 चा. एक खोली, बारा माणसं, एका पोराने बापाचा खून केला का नाही ते ठरवायचंय, अकरा म्हणतात केला, एकच म्हणतो थांबा जरा बोलूया. बस, दीड तास एवढंच, आणि हलता येत नाही जागेवरून. इंग्रजीचा कंटाळा आला तर बासू चटर्जींनी हाच हिंदीत केलाय, ‘एक रुका हुआ फैसला’, 1986, पंकज कपूर त्यात असा काय उखडलाय. आणि त्यातला म्हातारा बघा, तो अन्नू कपूर आहे, तेव्हा जेमतेम तिशीचा! आपल्या तंटामुक्तीच्या मिटिंगला जाण्याआधी बाबांनी हा बघावाच, आणि तुमच्यातला पंकज कपूर कोण ते मला कळवावं. माझा एका माणसावर संशय आहे, नाव लिहीत नाही, पत्र त्याच्या हातात पडलं तर वांधे.

‘माय ऑक्टोपस टीचर’ ही डॉक्युमेंटरी आहे, दक्षिण आफ्रिकेतला एक माणूस रोज समुद्रात बुडी मारून एकाच ऑक्टोपसला वर्षभर भेटतो. ऐकायला येडेपणा वाटतो. पण बाबा, तुम्ही खडपात कुर्ल्या-खेकडे शोधत आयुष्य काढलंत, ही ऑक्टोपसबाई कुर्ल्या कशा पकडते ते बघा, शार्क आला की अंगभर शिंपले चिकटवून गोळा होऊन कशी बसते ते बघा. तिचा एक हात शार्क तोडतो आणि तो परत उगवतो, मी तो भाग परत मागे नेऊन बघितला. ह्याला ऑस्कर मिळालंय. बघितल्यावर लगेच आठ दिवस तरी माखलं खावीशी वाटणार नाहीत, हे आधीच सांगून ठेवते.

‘चिल्ड्रन ऑफ हेवन’ इराणचा, बहिणीचे बूट भावाकडून हरवतात आणि दोघं एकाच जोडीत आळीपाळीने शाळेत जातात, आईबापाला न सांगता. शेवटची शर्यत चुकवू नका. एवढंच सांगते, दादाची आणि माझी एक छत्री आठवा.

आता एक सांगू की नको असं चाललेलं. ‘टोकियो स्टोरी’, जपानी, ओझू नावाच्या दिग्दर्शकाचा, 1953 चाच. समुद्राकाठच्या गावात राहणारे म्हातारा-म्हातारी मुलांना भेटायला टोकियोला जातात. मोठा मुलगा डॉक्टर, रविवारी फिरायला नेणार तेवढ्यात पेशंट येतो. मुलीचं ब्युटी पार्लर, तिला वेळ नाही. कोणी वाईट वागत नाही बरं का, कोणी ओरडत नाही, सगळे कामात. शेवटी भावंडं पैसे काढून दोघांना समुद्रकाठच्या हॉटेलात पाठवून देतात, तिथे रात्रभर नाचगाणं, म्हाताऱ्यांना झोप नाही. रजा काढून शहर दाखवते कोण, तर लढाईत गेलेल्या मुलाची बायको. कॅमेरा सगळा खाली, चटईवर मांडी घालून बसलेल्या माणसाच्या डोळ्याएवढ्या उंचीवर, त्यामुळे आपणच त्यांच्या घरात बसलोय असं वाटतं. आणि गावातल्या सीनमध्ये मागे होडीच्या इंजिनाचा आवाज येत राहतो, पुट्पुट्पुट्, बाबा तुम्ही डोळे मिटून सांगाल किती सिलिंडरचं. तो म्हाताऱ्याचं काम करणारा नट तेव्हा पन्नाशीचाही नव्हता, आईला सांगून बघा, तिचा विश्वास बसणार नाही.

शेवट सांगत नाही. सव्वादोन तासांचा आहे आणि हळू आहे, दोन दिवसांत अर्धा अर्धा बघा, लाईट गेली तर गेली. फक्त बघून झाल्यावर मला टोमणे मारायचे नाहीत. म्हणजे बाबा मारणार नाहीत, आई मारणार, “आमचो जावई मेलो कामातच आसता” असं काहीतरी. गेल्या मे महिन्यात तुम्ही इथे आलात तेव्हा मला किती सुट्टी मिळाली ते मला माहितीय, त्यावर मी वेगळं बोलेन, पिक्चरच्या आडून नको. पण मला खरंच ऐकायचंय तुम्हाला त्यातली मुलगी कशी वाटते. मैत्रिणी सगळ्या म्हणाल्या किती स्वार्थी आहे. मला ती तशी वाटली नाही. तुम्ही दोघं त्या म्हाताऱ्यांच्या बाजूने बघणार, म्हणून तुमचं मत मला पाहिजे, आणि गुळमुळीत नको, भांडा माझ्याशी.

राहिलेले घाईघाईत. ‘द लंचबॉक्स’ बघा, इरफानचा, त्यात वरच्या मजल्यावरच्या देशपांडे आंटी एकदाही दिसत नाहीत, फक्त आवाज, तो भारती आचरेकरांचा आहे, आई लगेच ओळखेल. ‘सामना’ बाबांनी परत बघावा, निळू फुले आणि श्रीराम लागू समोरासमोर, आता बघितला तर वेगळाच दिसतो. ‘कांतारा’ राखणदाराला मानणाऱ्या माणसाने बघावा असा आहे पण आवाज फार, रात्री लावू नका, शेजारचे काठ्या घेऊन येतील.

रिमोटवर माईकचं चित्र असलेलं बटण आहे, ते दाबून धरायचं आणि पिक्चरचं नाव बोलायचं, टाइप करत बसू नका. बाबा, त्याच्याशी मालवणीत बोलू नका, त्याने मागच्या वेळी भलतंच काहीतरी लावलं होतं. जे मिळणार नाही ते मला मेसेज करा, मी बघते कुठे आहे ते, हे पिक्चर आज एका ॲपवर असतात आणि उद्या दुसऱ्या. नेट गेलं तर दादाच्या जुन्या टॅबमध्ये चार पिक्चर डाउनलोड करून ठेवलेत, टॅब देवघराच्या खालच्या कप्प्यात आहे, चार्जर त्याच्यासोबतच, तो मिक्सरच्या प्लगला लावून ठेवू नका.

रविवारी रात्री नऊनंतर फोन करते. ‘नारबाची वाडी’ तोपर्यंत झालेला असू दे. गोळ्यांचं मी विचारणार नाही, पण घ्या.

तुमची,
बाय