शाळेतला द्वेष नोंदवहीत यायला हवा

प्रति,
माननीय शिक्षणमंत्री,
ऑन्टारिओ, कॅनडा

महोदय,

या पत्राची इंग्रजी प्रत आपल्या कार्यालयाकडे पाठवली आहे. मराठीतही लिहीत आहे, कारण शाळेकडे नेमकं काय मागायचं हे इथल्या आमच्या पालकांनाही कळायला हवं.

शेजारच्या सातवीतल्या शीख मुलाचा पटका स्कूल बसमध्ये ओढला गेला. त्याआधी त्याच्या बोलण्याची नक्कल, तो जवळ आला की नाक दाबणं, ‘परत जा तुमच्या देशात’ हे सगळं चालूच होतं. शाळेने दोघा मुलांना समोरासमोर बसवून हात मिळवायला लावले आणि ‘विद्यार्थ्यांमधला वाद’ अशी नोंद केली. या मुलाने कोणता वाद घातला होता?

ऑन्टारिओचा कायदा ढिला नाही. २०१२ च्या दुरुस्तीने शिक्षण कायद्यात छळाची व्याख्या आली. मुलाला काय त्रास झाला आणि त्याच्या सुरक्षिततेसाठी काय केलं, हे मुख्याध्यापकांनी त्याच्या पालकांना कळवायचं असतं. छळामागे वंश, वर्ण, भाषा किंवा धर्माचा द्वेष असेल, तर निलंबन आणि पुढे हकालपट्टीचा विचार इथपर्यंत तरतूद आहे. पण द्वेष कागदावरच आला नाही, तर ही कलमं लागणार कशी?

टोरांटोजवळच्या आमच्या ब्रॅम्प्टनमध्ये २०२१ च्या जनगणनेनुसार निम्म्याहून अधिक लोक दक्षिण आशियाई आहेत. इथे कसला आलाय त्रास, असं अनेकांना वाटतं. पण नव्याने आलेल्या मुलांना ‘फ्रेशी’ म्हणून हिणवणाऱ्यांत इथे जन्मलेली आमचीच मुलं असतात. हेही आम्ही घरी बोललं पाहिजे. लहान गावात वर्गात एकटंच असलेल्या मुलाला तर तेवढाही आडोसा नाही.

आणि आईवडील? वर्क परमिटवर असलेले, गोदामात रात्रपाळी करणारे पालक तक्रारच करत नाहीत. तक्रार केली तर पीआरच्या, म्हणजे कायमच्या वास्तव्याच्या, अर्जात अडचण येईल, ही भीती मी अनेकांकडून ऐकली आहे. त्यांना पंजाबी, तमिळ, उर्दू, गुजराती, मराठीत शाळेचं पत्र जावं, आणि तक्रारीचा इमिग्रेशनशी काही संबंध नाही हे त्यात ठळक लिहिलेलं असावं.

प्रत्येक तक्रारीत वंश, धर्म, भाषा यांचा संबंध होता का हे विचारणं सक्तीचं करा, आणि उत्तर मुलाच्याच शब्दांत लिहून घ्या. अशा तक्रारींचे आकडे दरवर्षी बोर्डनिहाय, म्हणजे शाळा चालवणाऱ्या प्रत्येक स्थानिक मंडळानुसार, जाहीर करा. सप्टेंबरमध्ये शाळा उघडण्याआधी सर्व बोर्डांना तसा लेखी आदेश जावा, ही विनंती.

आपली,
एक पालक, ब्रॅम्प्टन