देठाला बांधलेला लाल दोरा

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

परवा प्रदर्शनात एक गृहस्थ माझ्या जास्वंदीच्या चित्रासमोर बराच वेळ उभे होते. मग त्यांनी विचारलं, "या एका पानाच्या देठाला लाल दोरा कसला? पुसायचा राहिला का?" मी म्हटलं, "नाही, तो तिथे होता." ते मान हलवून पुढच्या चित्राकडे गेले आणि मी तिथेच उभी राहिले. त्या दोऱ्याबद्दल मी आजवर कुणाशी बोललेले नाही, तुमच्याशीही नाही. तुम्ही तो बांधलात, मी चित्रात काढला, तुम्ही पाहिलात आणि दुसऱ्या मुलीच्या बोर्डाकडे वळलात. आभार मानायचे राहूनच गेले. ते चारचौघांत मानावेत असं वाटलं, म्हणून हे पत्र उघडं लिहिते आहे.

तुमच्याकडे चित्रं शिकायला आले तेव्हा मी त्रेचाळीस वर्षांची होते. वीस वर्षं हिशेबाचं काम करत होते आणि त्याआधी, फार आधी, चित्रं काढत होते. वहीच्या मागच्या पानांवर, जुन्या पाकिटांवर, मिळेल तिथे. ते पाहून घरच्यांनी मला एका वर्गात घातलं. तिथे दर आठवड्याला चांगल्या चित्राला सोनेरी तारा मिळायचा. मी पहिल्या वर्षी खूप तारे मिळवले. कोणत्या चित्राला तारा मिळतो हे कळल्यावर तशीच चित्रं काढू लागले : डोंगर, नदी, झोपडी, उगवता सूर्य. दुसऱ्या वर्षी माझ्याहून चांगली काढणारी मुलं आली, तारे त्यांच्याकडे गेले आणि माझा हात थांबला. वर्ग सुटला तो सुटलाच. वहीची मागची पानंही कोरी राहू लागली. तिथल्या बाईंना मी चित्रं का काढते हे एकदाही विचारावंसं वाटलं नाही. 'हिची आवड टिकली नाही' असं त्यांनी घरी कळवलं आणि पुढची तीस वर्षं मीही तेच खरं मानलं.

खूप नंतर मला मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांच्या १९७३ सालच्या प्रयोगाबद्दल वाचायला मिळालं. त्यांनी बालवाडीतली अशी मुलं निवडली होती जी आपणहून, हौसेने चित्रं काढत. काही मुलांना आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर प्रशस्तिपत्रक मिळेल. काहींना न सांगता नंतर दिलं, काहींना दिलंच नाही. एक-दोन आठवड्यांनी पुन्हा रंग समोर ठेवले, तेव्हा बक्षिसाचं कबूल करून ज्यांना बसवलं होतं ती मुलं बाकीच्यांच्या मानाने निम्माच वेळ चित्रांत रमली. हे वाचलं त्या रात्री मी रडले, ताई. माझी आवड गेली नव्हती. तिच्यावर कुणीतरी दुसरंच काहीतरी चिकटवलं होतं, आणि ते निघालं तेव्हा तीही सोलून निघाली.

तुमच्या आधी मी मदत शोधली नव्हती असं नाही. जिद्द जागवणाऱ्या शिबिरांना गेले, पैसे भरून गेले. एका शिबिरात आम्हाला डोळे मिटून आपलं स्वप्न पूर्ण झाल्याचं चित्र मनात रंगवायला लावलं. मी माझं प्रदर्शन पाहिलं, लोक पाहिले, टाळ्याही ऐकल्या. घरी आले तेव्हा इतकं तृप्त वाटत होतं की पेन्सिल हातात घ्यावीशीच वाटली नाही. गॅब्रिएल ओटिंगन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी हेच प्रयोगांतून दाखवलं आहे : यशाची गोड कल्पना नुसती चघळत बसलं की अंगातला जोर उलट कमी होतो. दुसऱ्या शिबिरातल्या वक्त्याने व्यासपीठावरून ठणकावलं होतं, २१ दिवस सलग करा, सवय लागेल. एक दिवस चुकला तर पुन्हा शून्यापासून. माझा नववा दिवस चुकला. नंतर सहावा चुकला. मग मी मोजणं सोडलं आणि मोजण्याबरोबर चित्रंही. त्या माणसाचा मला आजही राग आहे. शेकडो लोकांना त्याने शून्यावर पाठवलं असेल, आणि ते शून्य आपलंच आहे असं समजून ते घरी गेले असतील.

तुम्ही पहिल्या दिवशी माझं स्वप्न काय आहे ते विचारलं नाहीत. समोर जास्वंदीची कुंडी ठेवलीत, भिंग हातात दिलंत आणि विचारलंत, "या पानाच्या कडेला दाते किती?" मी म्हटलं, "असतील वीसेक." तुम्ही म्हणालात, "असतील नको. मोज." मी मोजले. एका बाजूला अकरा, दुसऱ्या बाजूला तेरा, आणि देठाजवळच्या भागात तर दातेच नव्हते, कड तिथे सरळ होती. जन्मभर जास्वंद पाहिली होती आणि हे पाहिलं नव्हतं. तुम्ही म्हणालात, "आता अकरा आणि तेराच काढायचे. बारा-बारा सुंदर दिसतात म्हणून काढायचे नाहीत." मला जे हवं होतं त्याला त्या दिवशी पहिल्यांदा नाव मिळालं. मला नुसतं चित्रकार व्हायचं नव्हतं. मला नीट बघायचं होतं आणि जे दिसेल ते खरं उतरवायचं होतं. हिशेबाच्या वह्यांतही मी तेच करत आले होते, फक्त ते माझं मूल्य आहे हे मला कुणी दाखवलं नव्हतं.

याच दिवसांत कुणीतरी माझ्या तोंडावर म्हणालं होतं की या वयात हे करून काय मिळणार. मी ते तुमच्याकडे बोलून दाखवलं. तुम्ही वाद घातला नाहीत, सतराव्या शतकातल्या मारिया सिबिला मेरियन या चित्रकार बाईबद्दल सांगितलंत. आम्स्टरडॅममधल्या संग्रहांत तिने परदेशी फुलपाखरं पाहिली होती, सगळी मेलेली, टाचलेली. ती कशातून जन्मली, कोणतं पान खाऊन वाढली ते तिथे कळत नव्हतं. ते बघायला १६९९ साली, ५२व्या वर्षी, आपली चित्रं विकून पैसे उभे करून ती धाकट्या मुलीला घेऊन जहाजाने दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनामला गेली. "तिला बघायचं होतं," एवढंच तुम्ही म्हणालात आणि माझ्या हातातली पेन्सिल बोथट झाली आहे हे दाखवलंत.

आणि तरीही चौथ्या महिन्यात मी यायची थांबले. आजारपण नव्हतं, कामाचा ताणही नव्हता. कारण काय म्हणून सांगू? एका संध्याकाळी निघायची वेळ झाली आणि मी बसून राहिले. दुसऱ्या दिवशी लाज वाटली म्हणून आले नाही, तिसऱ्या दिवशी दुसऱ्या दिवसाची लाज. असे एकवीस दिवस गेले. नेमके एकवीस.

बाविसाव्या दिवशी मी आले ती माझं सामान न्यायला. वाक्यही तयार होतं, "ताई, मला नाही जमणार." दारातून आत पाहिलं तर माझा बोर्ड होता तिथेच होता, अर्धवट चित्रावर पातळ कागद टाचलेला. कुंडीतली माती ओली होती. तीन आठवड्यांत झाड वाढलं होतं, शेंड्याला नवी पानं आली होती, फांदी उजेडाकडे वळली होती. मी काढत होते ते पान कोणतं हे मला ओळखू आलं नसतं. पण एका देठाला लाल दोरा होता. सैल बांधलेला, देठ कापू नये म्हणून.

तुम्ही खिडकीपाशी दुसऱ्या कुणाला तरी काही समजावत होतात. वळून म्हणालात, "पान थोडं फिरलंय. माप पुन्हा घे." बस. कुठे होतीस, का नाही आलीस, असं कशाला करतेस, एक शब्द नाही. मी पिशवी खाली ठेवली, कर्कटक घेतलं आणि देठापासून टोकापर्यंत माप घेतलं. माझं तयार वाक्य कुठे गेलं ते मला आठवत नाही.

या दोऱ्याचा मी पुष्कळ विचार केला आहे. मी येत नव्हते त्या दिवसांत तुम्ही निरोप पाठवून मला बोलावू शकला असतात. मी आले असते, ओशाळून, तुमच्यासाठी. मग ती पुन्हा ताऱ्यांचीच गोष्ट झाली असती. तुम्ही माझ्या मागे लागला नाहीत. माझं काम जिवंत ठेवलंत. रोज पाणी घातलंत, आणि झाड वाढणार, पान हरवणार हे ओळखून त्यावर खूण करून ठेवलीत. मी परतेन याची तुम्हाला खात्री होती का, हे मला माहीत नाही. पण परतले तर जिथे सोडलं तिथूनच उचलता यावं, याची सोय होती. शून्यापासून नाही.

सवयींबद्दल लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली यांनी ९६ जणांवर केलेला अभ्यास मी नंतर शोधून वाचला. नवी गोष्ट अंगवळणी पडायला कुणाला १८ दिवस, तर कुणाला २५४ दिवस लागतील असं त्यात दिसलं. मधला आकडा ६६ च्या आसपास. एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडत नाही, हेही त्यात आहे. आणि तो २१ चा आकडा? मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाच्या प्लास्टिक सर्जनने १९६० मध्ये लिहिलं होतं की शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला आपल्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला किमान एकवीसेक दिवस जातात. पुढच्या लोकांनी त्यातला 'किमान' गाळला, चेहराही गाळला, आणि आकडा तेवढा हातात धरून माणसांना धारेवर धरलं. माझे एकवीस दिवस काही एक दिवस नव्हते, हे मला कळतं. त्यांना पुरणारा अभ्यास मला कुठे सापडला नाही. त्यांना तुमचा दोरा पुरला.

पान पूर्ण करताना प्रश्न आला, दोरा चित्रात काढायचा की नाही? तुम्ही शिकवलंत तसं काढलं. तो तिथे होता.

गेल्या वर्षीची एक गोष्ट तुम्हाला सांगितलेली नाही. मुलांसाठी वनस्पतींचे तक्ते करायचं काम मला मिळालं होतं, माझं पहिलं पैशाचं काम. एका पाच पाकळ्यांच्या फुलाला सहा पाकळ्या करा असं सांगण्यात आलं, मांडणी समतोल दिसेल म्हणून. मी समजावलं की द्विदल झाडांच्या फुलांत पाकळ्या बहुधा चार-पाचच्या हिशेबात असतात आणि एकदलांत तीनच्या पटीत. मुलं मोजायला शिकली की याच खुणेवरून झाड ओळखू लागतात. सहा केल्या तर तक्ता त्यांना खोटं शिकवेल. "एवढं कोण मोजतंय," असं उत्तर आलं. मी काम सोडलं. पैशांची गरज होती, त्या रात्री झोप लागली नाही. पण पाकळी वाढवून घरी आले असते तर दुसऱ्या दिवशी पेन्सिल उचलली नसती, हे मला स्वच्छ ठाऊक होतं. ज्या गोष्टीसाठी मी चित्र काढते तीच विकली तर उरलेलं स्वप्न घेऊन काय करू? चार महिन्यांनी दुसरं काम मिळालं, तिथे पाकळ्या मोजल्या जातात. मिळालं नसतं तरी मी हेच केलं असतं.

चांगली माणसं कमी झालीत असं लोक म्हणतात. मला वाटतं ती दिसत नाहीत, कारण ती कुणाच्या नकळत कुंडीला पाणी घालत असतात आणि आपण व्यासपीठाकडे बघत बसतो. दुसऱ्याचं अर्धवट काम, ज्यात आपल्याला काहीही मिळायचं नाही, ते जपून ठेवायचं आणि त्याचा उच्चारही करायचा नाही, एवढा सज्जनपणा मी दुसऱ्या कुणात पाहिलेला नाही.

प्रदर्शन रविवारी संपतं आहे. सोमवारी जास्वंदीचं चित्र तुमच्याकडे घेऊन येते. त्याची जागा तुमच्या खिडकीशेजारच्या भिंतीवर आहे. ते पान तर केव्हाच गळलं असेल. पण कुंडीच्या मातीत कुठे तो दोरा सापडला, तर टाकू नका. मला हवा आहे.

तुमची,
अकरा आणि तेरा दाते मोजणारी