बाबा, कळसूबाईएवढीच उंची आहे

ती. आई-बाबांना सा. न.

परवा फोनवर बाबा म्हणाले, "आता या गुडघ्यांनी कसलं स्वित्झर्लंड!" ते मनाला लागून राहिलं, म्हणून मुद्दाम लिहायला बसले आहे.

सध्या मी गिमेलवाल्डला आहे. जेमतेम शे-सव्वाशे माणसांची वाडी, उंची १,३६३ मीटर. खालून गाडीरस्ता नाही. स्टेशेलबर्गहून रोपवेत बसायचं की पाचेक मिनिटांत वर. हिमकडे कोसळण्याचा धोका असल्यामुळे इथे मोठी हॉटेलं झालीच नाहीत, म्हणून काळवंडलेली लाकडी घरं आणि गोठे तसेच राहिले. उतार इतका उभा की गवत अजून हातानेच कापतात. बाबा, वैरण रचायची त्यांची पद्धत तुम्हाला बघायचीच आहे. गायींच्या गळ्यातल्या घंटा दिवसभर ऐकू येतात आणि समोर युंगफ्राऊ हे शिखर, पांढरंशुभ्र.

वरचं म्युरेन गाव १,६३८ मीटरवर आहे. आपली कळसूबाई १,६४६! नवरात्रात तुम्ही जी उंची पायी गाठायचात, तिथे इथे बसून जायचं आहे. युंगफ्राऊजवळच्या युंगफ्राऊयोख खिंडीत मात्र मी तुम्हाला नेणार नाही. १९१२ पासून तिथवर रेल्वे जाते, सगळे तिथेच धावतात, पण ते ३,४५४ मीटरवर, कळसूबाईच्या दुपटीहून वर. हवा विरळ असते. बायपासनंतर तो धोका मला नको.

त्यापेक्षा लाउटरब्रुनेनला बाकावर बसू. स्टाउबबाख धबधबा गावातूनच दिसतो. २९७ मीटरवरून पडता पडता वाऱ्याने पाण्याची अक्षरशः धूळ होते. नावाचा अर्थही धुळीचा ओढा असाच आहे. पावसाळ्यात रंधा बघताना आई किती वेळ उभी राहायची, ते आठवलं. ट्रुमेलबाखला मात्र आई आणि मी दोघीच जाऊ. तिथे हिमनद्यांचं पाणी डोंगराच्या पोटातून कोसळतं, सेकंदाला वीस हजार लिटरपर्यंत. लिफ्ट आहे, पण पुढच्या पायऱ्या ओल्या असतात.

बाबा, डॉक्टरांना एकदा विचारून घ्या, आणि दादाला पासपोर्टचे कागद काढायला सांगा. आई, तुझी जुनी गोधडी घेऊन ये. इथे जूनमध्येही रात्री गारठा असतो.

तुमची,
ताई