वाणिज्य आधी दाखवा, मग शाखा निवडायला सांगा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दहावीचा निकाल लागला की ‘कोणती शाखा निवडावी’ या विषयावर आपल्या दैनिकासह सर्वत्र मार्गदर्शनपर लेखांचा पाऊस पडतो. त्या लेखांमध्ये एक गोष्ट हमखास निसटते. विज्ञान शाखेकडे जाणाऱ्या मुलाने शाळेत अनेक वर्षे विज्ञान अभ्यासलेले असते. कला शाखेकडे जाणाऱ्याला इतिहास, भूगोल आणि दोन-तीन भाषा परिचयाच्या असतात. राज्य मंडळाच्या शाळेतून वाणिज्य शाखेकडे येणारा विद्यार्थी मात्र त्या शाखेतला एकही विषय न पाहता तिची निवड करतो. तिन्ही शाखांपैकी ही एकटीच अशी आहे की जिचे दार उघडेपर्यंत आत काय आहे हे कोणी दाखवत नाही. म्हणून नववी-दहावीलाच वाणिज्याची ओळख करून देणारा एक ऐच्छिक विषय असावा, असे मला वाटते.

पुण्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयात मी बरीच वर्षे पुस्तपालन, म्हणजे धंद्याचे हिशेब लिहिणे, शिकवले. अकरावीच्या पहिल्या आठवड्यात मी मुलांना वाणिज्य का घेतले असे विचारत असे. सायन्सला टक्के कमी पडले, सी. ए. व्हायचे आहे, किंवा इथे गणिताऐवजी ‘चिटणीसाची कार्यपद्धती’ घेता येते, ही नेहमीची उत्तरे. व्यापार कसा चालतो हे जाणून घ्यायचे आहे असे म्हणणारे क्वचितच भेटले, आणि त्यात मुलांचा दोष नाही. जे चाखलेच नाही त्याची आवड कुठून निर्माण होणार?

याचा परिणाम वर्गात लगेच दिसतो. रोजकीर्द, खतावणी, तेरीज आणि ताळेबंद (धंद्याची देणी व मालमत्ता दाखवणारा तक्ता) ही हिशेबाची साखळी मुले पाठ करून पार पाडतात. पण मालकाने घातलेले भांडवल ताळेबंदात देण्यांच्या बाजूला का लिहायचे, या प्रश्नापाशी बहुतेकांची गाडी अडते. पैसा मालकाचा, दुकान मालकाचे, मग देणे कोणाचे? धंदा हा मालकापासून वेगळा मानायचा असतो, ही कल्पना सोळाव्या वर्षी व्याख्येतून समजावून सांगणे जिकिरीचे आहे. तेराव्या वर्षी ती भेळेच्या स्टॉलवर सहज समजते.

भेळेचा उल्लेख उगाच केलेला नाही. आपल्याकडे बहुतेक शाळांत आनंद मेळावा भरतो आणि स्काउटच्या ‘खरी कमाई’ची परंपरा तर जुनीच आहे. अशाच एका मेळाव्यात आठवीच्या मुलांनी वीस रुपयांना एक याप्रमाणे सत्तर प्लेट भेळ विकली आणि ‘चौदाशे रुपये नफा झाला’ असे ते सगळ्यांना सांगत होते. मी त्यांना कागद-पेन घेऊन बसवले. चुरमुरे, फरसाण, कांदा, कोथिंबीर, चिंच आणि गूळ एकाच्या आईने आदल्या दिवशी मंडईतून आणले होते. त्याचे ८२० रुपये झाले होते. कागदी प्लेट आणि चमचेही तिनेच आणलेले, ९० रुपयांचे. म्हणजे उरले ४९० रुपये, आणि तेही आईने चटणी वाटण्याचे काही घेतले नाही म्हणून. शिवाय स्वतः खाल्लेल्या भेळेचा हिशेब कोणीच ठेवला नव्हता आणि सादळलेले चुरमुरे फेकून द्यावे लागले होते. आईचे ९१० रुपये आधी परत करायचे की नफा आधी वाटून घ्यायचा, यावर त्यांच्यात चांगलीच खडाजंगी झाली. ते पैसे स्टॉलचे देणे आहेत, हे त्यांच्यातल्याच एका मुलीने ठणकावून सांगितले. भांडवल, खर्च, नासधूस, उचल (मालकाने धंद्यातून स्वतःसाठी घेतलेले) आणि नफा हे सगळे अर्ध्या तासात झाले, आणि एकही व्याख्या सांगावी लागली नाही. मेळावा संपला की शाळा मात्र हा गल्ला मोजून मोकळी होते. हिशेब कुठल्याच विषयाच्या वहीत जात नाही, कारण तसा विषयच नाही.

आजच्या पाठ्यपुस्तकांत या विषयाचे तुकडे विखुरलेले आहेत. नववीच्या भूगोलात ‘अर्थशास्त्राशी परिचय’ आणि ‘व्यापार’ असे पाठ आहेत. नववी आणि दहावीच्या गणितात ‘अर्थनियोजन’ हे प्रकरण असून दहावीत त्यात वस्तू व सेवा कर, शेअर्स आणि म्युच्युअल फंड यांवरची उदाहरणे आहेत. हे पाठ घालणाऱ्यांचे कौतुकच केले पाहिजे. तरीही मूल इनपुट टॅक्स क्रेडिटचे (खरेदीवर भरलेला कर वजा करून घेण्याचे) गणित बरोबर सोडवते आणि घरी आलेल्या बिलावरचे सीजीएसटी (केंद्राचा वाटा), एसजीएसटी (राज्याचा वाटा) हे दोन रकाने कशासाठी आहेत ते त्याला सांगता येत नाही, कारण गणिताच्या तासाला बिल कोणी दाखवत नाही आणि भूगोलाच्या तासाला हिशेब कोणी करत नाही. त्यातच सप्टेंबर २०२५ पासून या कराचे १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे बहुतेक वस्तूंसाठी गेले. म्हणजे दर पाठ करण्यात काही हशील नव्हते हेही आपोआप सिद्ध झाले.

इतर मंडळांत काय चालते? केंद्रीय मंडळात नववी-दहावीला व्यवसायाची मूलतत्त्वे आणि पुस्तपालन असे दोन ऐच्छिक विषय उपलब्ध आहेत. आयसीएसईमध्ये कमर्शियल स्टडीज आहे. केंब्रिजच्या आयजीसीएसईमधील बिझनेस स्टडीजच्या दोन प्रश्नपत्रिकांपैकी एक तर पूर्णपणे एका काल्पनिक व्यवसायाच्या वर्णनावर आधारित असते. मालकाने दुसरे दुकान काढावे की आहे तेच वाढवावे, असे काहीतरी विचारायचे आणि उत्तराची कारणे तपासायची. अशा शाळांची फी परवडणाऱ्या घरांतली मुले बऱ्याचदा आधीच व्यवसायाच्या वातावरणात वाढलेली असतात. ज्यांचे वडील भोसरीत लेथ चालवतात किंवा ज्यांची आई दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी घेते, ती मुले राज्य मंडळाच्या शाळेत असतात, आणि नफा दिसत असूनही महिनाअखेर हातात रोकड का नसते, या घरातल्याच प्रश्नाचे उत्तर त्यांना शाळेत मिळत नाही. मोठ्या कंपनीने सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते केले पाहिजेत असा कायदा २००६ पासून आहे. नफा असूनही रोकड थकलेल्या उधारीत अडकते, हे गणित नववीच्या मुलाला न समजण्याइतके अवघड नक्कीच नाही.

हे आपल्याकडे जमणार नाही असे कोणी म्हणू नये. याच पुणे जिल्ह्यात पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला आणि तेथून निघालेला मूलभूत तंत्रज्ञानाचा विषय राज्य मंडळाने माध्यमिक शाळांसाठी स्वीकारला. त्यात मूल हाताने वस्तू बनवते आणि तिचा खर्चही काढते. काही शाळांत नववी-दहावीला रिटेलसारखे कौशल्य विषयही घेता येतात. पण त्यांचा रोख दुकानात नोकरी करण्यावर आहे. मी ज्याविषयी लिहिते आहे तो विषय त्याहून वेगळा आणि व्यापक आहे.

आक्षेप दोन येतात. पहिला ओझ्याचा. त्यावर उत्तर सोपे आहे: विषय ऐच्छिक ठेवावा आणि गणित-भूगोलातले विखुरलेले तुकडे त्याच्याशी जोडून घ्यावेत. दुसरा आक्षेप शिक्षकांचा, आणि तो वजनदार आहे. वाणिज्य पदवीधर बी. एड. उमेदवारांना माध्यमिक शाळेत फारसा वाव नाही कारण विषय नाही, आणि विषय येत नाही कारण शिक्षक नाहीत. हे दुष्टचक्र शासनालाच तोडावे लागेल. निदान सुरुवातीला कनिष्ठ महाविद्यालय जोडलेल्या शाळांत तेथील शिक्षकांना आठवड्याचे दोन तास नववीला देता येतील.

मला भीती आहे ती वेगळीच. स्टार्टअपचे आकर्षण सध्या इतके आहे की या विषयाच्या नावाखाली यशस्वी उद्योजकांची चरित्रे, प्रेरणादायी भाषणे आणि पोस्टर स्पर्धा सुरू होतील. किंवा उलट, बारावीच्या पुस्तकातली हेन्री फेयॉलची व्यवस्थापनाची चौदा तत्त्वे नववीत उतरवली जातील आणि ‘फरक स्पष्ट करा’, ‘टिपा लिहा’ यांवर तो विषय संपेल. दोन्ही प्रकारांत मूल रविवार पेठेतल्या घाऊक दुकानात जाऊन एकाच वस्तूचा डझनाचा आणि नगाचा भाव विचारणार नाही, वहीत मांडणार नाही आणि मधला फरक कोणाकोणाच्या खिशात जातो याचा शोध घेणार नाही. धंद्यात तोटा होतो, हेसुद्धा त्याला कोणी सांगणार नाही.

हे पत्र आत्ताच लिहिण्याचे कारण म्हणजे नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्याचा अभ्यासक्रम बदलतो आहे. २०२५-२६ पासून पहिलीत त्याची सुरुवात झाली असून वरच्या इयत्ता टप्प्याटप्प्याने येणार आहेत. कला, विज्ञान, व्यावसायिक अशा भिंती कठोर नसाव्यात, हे त्या धोरणातच म्हटले आहे. कुमठेकर रस्त्यावरची राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद, सेनापती बापट रस्त्यावरची बालभारती आणि शिवाजीनगरचे राज्य मंडळ या तिन्ही संस्था पुण्यातच आहेत, तेव्हा पुणेकरांच्या सूचना त्यांच्यापर्यंत पोहोचायला मुंबईची वारी करावी लागत नाही.

माझी सूचना एवढीच की नववी-दहावीला असा विषय आणायचे ठरले तर मंडळाने नमुना प्रश्नपत्रिका पाठ्यपुस्तकाच्या आधी प्रसिद्ध करावी. आपल्याकडे शिक्षक प्रश्नपत्रिका पाहूनच शिकवतात. तिच्यात एका लहान दुकानाचा महिन्याचा हिशेब देऊन त्यावर निर्णय विचारलेला असेल आणि वीस गुण मुलाने प्रत्यक्ष ठेवलेल्या वहीसाठी असतील, तर पुस्तक कोणीही लिहिले तरी चालेल.

आपली,
एक निवृत्त वाणिज्य अध्यापिका
कोथरूड, पुणे