मोतीबिंदू निघाला, पण पडद्यामागचं रक्त कोण बघणार? आरोग्यमंत्र्यांना खुलं पत्र

मा. आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य

साहेब, नमस्कार.

आधी चांगलं बोलून घेतो, नाहीतर वाटेल हा माणूस नुसतं रडगाणं गायला बसलाय. मोतीबिंदूच्या बाबतीत आपल्याकडे खरंच काम झालं. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे, शिबिरं होतात, गाडी गावात येते, म्हाताऱ्यांना नेऊन ऑपरेशन करून काळा चष्मा घालून परत आणून सोडतात, आणि तात्याराव लहानेंचं नाव तर आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहितीय. पण याचा एक साईड इफेक्ट झालाय. साठीच्या पुढच्या माणसाला कमी दिसायला लागलं की घरच्यांपासून दवाखान्यापर्यंत सगळ्यांच्या तोंडात एकच, मोतीबिंदू. तो निघाला की विषय संपला. डोळ्याच्या मागच्या पडद्याचं (रेटिनाचं) काय चाललंय हे विचारायला कोणाला वेळ नाही.

आमच्या आईचं तेच झालं. मोतीबिंदू काढला, लेन्स बसली, छान दिसत होतं, आणि मग काही काळाने सुपात तांदूळ निवडताना समोरचे खडे दिसेनासे झाले, कडेचे मात्र दिसायचे, म्हणून ती सूप तिरपं धरून मान वाकडी करून निवडायला लागली. दाराची चौकट मध्येच वाकलीय म्हणायची. जिथे दाखवलं तिथे (नाव घेत नाही, तिथल्या डॉक्टरांच्या टेबलावर पण केसपेपरचा ढीग होता) चष्म्याचा नंबर बदलून दिला आणि वय झालंय म्हणून सांगितलं. वय झालंय हे आम्हालाही माहिती होतं ओ. शेवटी पुण्यात नेलं तेव्हा कळलं की हा वेट एएमडी आहे, म्हणजे वयामुळे डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग खराब होतो त्या आजाराचा ओला प्रकार, आणि तोवर त्या डोळ्याचं जायचं ते बऱ्यापैकी गेलं होतं.

साहेब, तुमच्या टेबलावर शंभर आजार असतात म्हणून हा जरा नीट सांगतो, कारण इथे सगळा खेळ रक्ताचा आहे. आपण वाचतो, सुई ओवतो, माणूस ओळखतो ते पडद्याच्या बरोबर मधल्या भागाने, त्याला मॅक्युला म्हणतात. त्याच्या अगदी मध्यबिंदूत पडद्याच्या स्वतःच्या रक्तवाहिन्याच नसतात, तिथलं सगळं पोषण मागून, कोरॉइड नावाच्या थरातून येतं. डोळ्याला मिळणाऱ्या रक्तातला बहुतेक वाटा हा एकटा थर खातो. वय झालं की पडदा आणि कोरॉइड यांच्या मधल्या भिंतीत चरबीचे ठिपके साचतात, त्यांना ड्रुसेन म्हणतात, आणि मागून येणारा पुरवठाही मंदावतो. अमेरिकेत १९९८ मध्ये ग्रुनवाल्ड आणि त्यांच्या टीमने लेझरने मोजून दाखवलं होतं की अशा रुग्णांत मॅक्युलाच्या मध्याखालचा रक्तप्रवाह त्याच वयाच्या निरोगी लोकांपेक्षा कमी असतो. इथवर जे चालतं तो कोरडा प्रकार, बहुतेकांना तोच असतो आणि तो वर्षानुवर्षं सावकाश सरकतो. पण काहींच्या डोळ्यात मागून नव्या, कच्च्या रक्तवाहिन्या फुटतात आणि जुन्या वाड्याच्या भिंतीत पिंपळाची मुळं घुसावीत तशा मधली भिंत फोडून पडद्याखाली शिरतात. त्या पाझरतात, कधी रक्त सांडतं. हा ओला प्रकार. तो वर्षं बघत नाही, आठवड्यांत नजर खातो.

आता या चोर रक्तवाहिन्या बघायच्या कशा. जुनी पद्धत म्हणजे डाय टेस्ट. इंडियाना विद्यापीठातल्या नोव्होटनी आणि आल्व्हिस या दोन विद्यार्थ्यांनी ती १९६१ मध्ये छापून आणली, हाताच्या शिरेत फ्लुरोसीन नावाचा रंग सोडायचा आणि तो डोळ्यात पोचला की भराभर फोटो काढायचे. टेस्ट उत्तम आहे, आजही लागते, पण आईला टोचल्याबरोबर मळमळायला लागलं, अंग पिवळं पडलं, दुसऱ्या दिवसापर्यंत लघवी नारंगी, आणि ती घाबरून म्हणे मला कावीळ झाली. क्वचित कोणाला जोराची ॲलर्जीही येते म्हणून इमर्जन्सीची औषधं आणि माणूस हाताशी ठेवावा लागतो. तालुक्याला हे रोज कोण करणार?

मग आलं ओसीटी. १९९१ चा शोध. सुई नाही, रंग नाही, हनुवटी टेकवायची, हिरव्या खुणेकडे बघायचं, प्रकाशाने पडद्याचे उभे काप दिसतात, पाणी साठलंय का ते काही सेकंदांत कळतं. आणि साधारण दहा वर्षांपूर्वी त्याच मशीनची पुढची पिढी बाजारात आली, ओसीटी अँजिओग्राफी. हिची आयडिया इतकी साधी आहे की मला तर फार आवडली. मशीन एकाच रेषेवरून पुन्हा पुन्हा स्कॅन घेतं. जे जागचं हलत नाही ते प्रत्येक स्कॅनमध्ये सारखंच येतं, आणि जिथे रक्ताच्या पेशी पळतायत तिथे दर वेळी थोडा फरक पडतो. तो फरक तेवढा उचलायचा, की रक्तवाहिन्यांचा नकाशा तयार. टेक्निशियन ताईंनी आईचा नकाशा मला स्क्रीनवर थर सोलून सोलून दाखवला. वरच्या थरात नीट जाळी. त्याखालचा थर, जिथे एकही रक्तवाहिनी असायला नको, जिथे काळंकुट्टच दिसायला पाहिजे, तिथे पांढऱ्या धाग्यांचा गुंता. आणि आई ज्याला चांगला डोळा म्हणते त्यातही कडेला एक छोटा गुंता, अजून पाझरत नसलेला. असा गप्प बसलेला गुंता ज्या डोळ्यात असतो तो पुढे ओला व्हायचा धोका कित्येक पटीने जास्त असतो. त्याला लगेच इंजेक्शन देत नाहीत, नजर ठेवतात. पण ठेवायला आधी दिसायला तर पाहिजे ना!

एवढं वाचून लगेच छत्तीस जिल्ह्यांसाठी छत्तीस अँजिओ मशीनचं टेंडर काढू नका, ही माझी खरी विनंती आहे. या मशीनला प्रवाह दिसतो, पाझर दिसत नाही. फारच मंद रक्त असेल तर तेही निसटतं. म्हाताऱ्या माणसाची मान हलली, डोळा थरथरला की चित्रावर रेघोट्या येतात आणि नवशिक्या माणसाला त्यात भलतंच काही दिसतं. शिवाय याच आजारात पॉलिपॉइडल म्हणून एक प्रकार आहे, आपल्या आशियाई लोकांत गोऱ्या लोकांपेक्षा जास्त सापडणारा, त्यातल्या रक्तवाहिन्यांच्या फुगोट्या नीट बघायला आजही आयसीजी नावाचा वेगळा हिरवा रंगच लागतो. म्हणून साधा ओसीटी प्रत्येक सिव्हिलला, आणि अँजिओ व डाय टेस्ट सरकारी मेडिकल कॉलेजला, एवढी वाटणी पुरे. सिव्हिलचा स्कॅन कॉलेजच्या रेटिनावाल्या डॉक्टरांनी ऑनलाईन वाचायचा, संशय आला तरच पेशंटने एसटीत बसायचं. आज उलटं आहे, संशय आहे की नाही हे कळायलाच अख्खं घर रजा टाकून शहरात जातं.

आणि मशीनपेक्षा माणूस. मी एका सरकारी ठिकाणी डोळ्यांचं भारी मशीन प्लास्टिकच्या कव्हरात झाकलेलं बघितलंय, वर उद्घाटनाचा हार वाळून चिकटलेला, विचारलं तर म्हणे एएमसी (देखभालीचा वार्षिक करार) संपलीय आणि शिकलेल्या ताईंची बदली झाली. डीपीडीसीतून (जिल्हा नियोजनाच्या पैशातून) खरेदी होते, फोटो निघतात, पुढे चालवणाऱ्याचा पगार कोणत्या हेडमधून काढायचा यावर फाईल फिरत बसते. खरेदीच्या ऑर्डरमध्येच पाच वर्षांची देखभाल आणि ट्रेनिंग झालेला माणूस धरला नाही तर कृपा करून मशीन घेऊच नका, ते पैसे दुसऱ्या कामाला येतील.

स्कॅनच्या पुढे या चोर रक्तवाहिन्यांचा पाझर रोखणारं इंजेक्शन आहे, ते सोडून चालणार नाही. डोळ्यात सुई म्हटलं की लोकांच्या पोटात गोळा येतो, पण डोळा बधिर करतात आणि काम मिनिटात होतं. साधारण सुरुवातीला महिन्याला एक असे तीन, मग दर वेळी ओसीटी बघून अंतर वाढवायचं. म्हणजे स्कॅन हा एकदाचा नाही, तो वर्षानुवर्षं लागतो, त्यामुळेच तो जवळ पाहिजे. औषध स्वस्तही आहे. बेव्हॅसिझुमॅब मूळ कॅन्सरचं, पण २०११ च्या अमेरिकन तुलनेत वर्षभराने नजरेचा निकाल खास डोळ्यासाठीच्या महागड्या रॅनिबिझुमॅब या औषधाच्या बरोबरीचा आला. आपल्याकडे २०१६ मध्ये डोळ्यासाठी ते वापरू नका असा इशारा निघाला आणि काही आठवड्यांत मागेही घेतला गेला. काळजी एकाच गोष्टीची आहे, एका बाटलीतून अनेक सिरींज भरताना जंतू शिरले तर एका दिवसात कितीतरी डोळे जातात. म्हणून ते भरायचं काम स्वच्छ यंत्रणेत, कॉलेजच्या पातळीवर, आणि तिथून थंड पेटीतून ठरलेल्या वारी जिल्ह्याला. लसी पोचतात तसं हे का पोचू नये?

ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीच्या पुढच्या सगळ्यांना आयुष्मानचं पाच लाखांचं कार्ड लागू झालं. हा आजार बरोबर त्याच वयाचा. पण हे इंजेक्शन आणि त्याआधीचा स्कॅन कार्डात बसतो का, हे आम्ही दोन काउंटरवर विचारलं आणि दोन वेगळी उत्तरं मिळाली. तुमच्या खात्याने एका ओळीत मराठीत लिहून सिव्हिलच्या नेत्र विभागाच्या दारावर लावावं, बसतो किंवा नाही.

फुकटातलं एक काम तर उद्यापासून होईल. चौकटींचा एक कागद असतो, मध्ये ठिपका, त्याला ॲम्सलर ग्रिड म्हणतात. एक डोळा झाकून बघायचं, रेषा वाकड्या दिसल्या की दवाखाना. एक डोळा झाकणं महत्त्वाचं, कारण चांगला डोळा वाईटाचं पाप झाकत राहतो आणि माणसाला महिनोन्महिने पत्ताच लागत नाही. प्रत्येक मोतीबिंदू शिबिरात हा कागद द्या, आशाताईंच्या पिशवीत टाका. आणि तंबाखू-बिडीच्या पाटीवर कॅन्सरसोबत नजर जाते हेही लिहा, बिडी-सिगारेटने हा धोका चांगलाच वाढतो.

येत्या अधिवेशनात आमच्या आमदारांना तारांकित प्रश्न लावायला सांगितलाय आणि माहिती अधिकाराचा अर्जही टाकतोय. दोन्हीकडे प्रश्न तेच आहेत: किती जिल्हा रुग्णालयांत ओसीटी आहे, आजच्या तारखेला चालू किती, चालवणारा माणूस किती ठिकाणी, आणि पेशंटने पहिली तक्रार केल्यापासून डोळ्यात पहिलं इंजेक्शन पडेपर्यंत सरासरी किती दिवस जातात. शेवटचा आकडा तुमच्या खात्याकडे नसेल तर नाही म्हणून लिहून द्या, मग तो मोजायला कधी सुरुवात करणार ते पुढच्या अर्जात विचारतो.

आपला,
मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावातून, एका पेशंटचा मुलगा