हाजऱ्याच्या आसपास खोली बघ

कोलकाता,
९ नोव्हेंबर २०२५

प्रिय संज्या,

गीतांजली एक्सप्रेसची तिकिटं कन्फर्म झाली हे झकास झालं. पण हॉटेलचे पैसे एवढ्यात भरू नकोस. तू पाठवलेली तिन्ही हॉटेलं बघितली. एक न्यू टाऊनला आहे, म्हणजे तुम्हाला जे बघायचंय त्यापासून रोज तासभर लांब. दुसरं हावडा स्टेशनच्या तोंडावर आहे, तिथे रात्रभर हॉर्न ऐकत काकू जाग्या राहतील. तिसऱ्याचा फोटो सुंदर आहे, पण पत्ता नीट दिलेला नाही, तेव्हा त्याच्या वाटेला जाऊ नकोस.

माझ्याकडेच उतरा असं म्हणालो असतो. पण माझी खोली तिसऱ्या मजल्यावर, जिना अरुंद आणि लिफ्ट नाही. काकूंच्या गुडघ्यांना ते झेपणार नाही. शिवाय तुम्ही २१ डिसेंबरला पोचताय आणि ऑफिसने मला नेमकं तेव्हा सिलिगुडीला पाठवायचं ठरवलंय. २४च्या सकाळी परत येतो, मग मी तुमच्याबरोबरच आहे. पहिले तीन दिवस मात्र तुलाच निभवायचे आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी शहराचा आकार समजून घे. हुगळी उत्तरेकडून दक्षिणेला वाहते (इथले लोक तिला गंगाच म्हणतात) आणि तिच्या पूर्व काठाने हे शहर लांबच्या लांब पसरलंय. वर बागबाजार, श्यामबाजार, मध्ये धर्मतला आणि पार्क स्ट्रीट, खाली कालीघाट, टॉलिगंज. मेट्रोची ब्लू लाइन या सगळ्याच्या पोटातून उभी जाते. देशातली पहिली मेट्रो ती हीच. २४ ऑक्टोबर १९८४ला सुरू झाली तेव्हा एस्प्लनेड ते भवानीपूर एवढीच होती, आता वर थेट दक्षिणेश्वरपर्यंत जाते. मुंबईत लाइन धरून घर बघतात ना, तसंच इथे ब्लू लाइन धरून खोली बघायची. स्टेशनपासून पायी पाच-सात मिनिटं, यापेक्षा लांब नको. मग खोली दोनशे रुपयांनी महाग पडली तरी चालेल, टॅक्सीत त्याच्या दुप्पट वाचतात.

तुम्हा तिघांसाठी मला हाजरा हा भाग बरा वाटतो. स्टेशनचं नाव जतीन दास पार्क, पण ते कुणाला विचारत बसू नकोस, ‘हाजरा मोड’ म्हण. इथे मेट्रो स्टेशनांना थोर माणसांची नावं आहेत आणि लोक बोलतात ते मोहल्ल्याच्या नावाने. महानायक उत्तमकुमार स्टेशन म्हणजे टॉलिगंज, आणि बसचा कंडक्टर एस्प्लनेड न म्हणता ‘धर्मतला, धर्मतला’ ओरडतो. हाजऱ्याहून कालीघाटचं देऊळ जवळ, पार्क स्ट्रीट चारच स्टेशनं वर. हाजरा रोडवर महाराष्ट्र निवास आहे, तिथे खोली मिळते का ते आजच फोन करून विचार. नाहीच मिळाली तर त्याच भागात गेस्ट हाऊस बघ. आपण दोघंच असतो तर सदर स्ट्रीटला पडलो असतो. इंडियन म्युझियमच्या कडेला आहे, स्वस्त आहे आणि रात्रभर जागी असते. वहिनी आणि काकू बरोबर असताना तिथे नको.

बुकिंग करताना ‘खिडकी आहे का’ एवढंच विचारू नकोस, ‘खिडकी कशावर उघडते’ हे विचार. मी इथे नवीन असताना काही दिवस एका गेस्ट हाऊसमध्ये काढले. खोलीला खिडकी होती, तिला छान फुलाफुलांचा पडदाही होता. पडदा सरकवला तर मागे हातभर अंतरावर शेजारच्या इमारतीची भिंत! लिफ्ट, गीझर आणि वेस्टर्न संडास हेही फोनवर विचारून घे. एसीचे पैसे देऊ नकोस. डिसेंबरात एक स्वेटर पुरतो, जरी इथली मंडळी तेवढ्या थंडीत माकडटोप्या चढवून फिरत असली तरी. आणि बुकिंग लवकर कर. नाताळात पार्क स्ट्रीटला रोषणाई असते, सगळं शहर तिथे लोटतं आणि खोल्यांचे भाव चढतात.

हावड्याला तुमची गाडी बहुतेक न्यू कॉम्प्लेक्सला लागेल. तिथून मेट्रो आहे. नदीच्या खालून, सुमारे ५२० मीटरच्या बोगद्यातून ती पाऊण मिनिटात पलीकडे येते. पण सामान आणि काकू असताना पहिल्या दिवशी तो हट्ट करू नकोस. अंगावर येणाऱ्या टॅक्सीवाल्यांना ‘नको’ म्हणत सरळ प्रीपेड टॅक्सीच्या खिडकीवर जा, पावती घे आणि गंतव्याला उतरेपर्यंत ती हातातून सोडू नकोस. नशीब असेल तर पिवळी अँबेसेडर मिळेल. उत्तरपाड्याच्या कारखान्यात ही गाडी निघणं २०१४लाच थांबलं, आणि पंधरा वर्षांच्या नियमाने रस्त्यावरच्याही एकेक भंगारात चालल्यात. काकूंना आत बसायला ती सोपी जाते, सीट उंच आणि दार मोठं. पुढच्या दिवसांसाठी फोनवर ‘यात्री साथी’ घेऊन ठेव. सरकारी ॲप आहे, पिवळ्या टॅक्सीही त्यावर येतात. नदीखालून जायची हौस मग एका सकाळी नुसत्या हातांनी भागवा.

आता रिक्षा. इथे तुझा कोल्हापुरी हिशोब चालणार नाही. इथली रिक्षा हात केला की हवी तिथे नेत नाही. तिचा मार्ग ठरलेला, थांबे ठरलेले, भाडं माणशी. मागे तिघं आणि पुढे ड्रायव्हरच्या डाव्या अंगाला एक. चौथा मिळेपर्यंत ती जागची हलत नाही आणि एकदा मिळाला की कशाला थांबत नाही. तुम्ही तिघं मागे बसलात तर उत्तमच, पण रांगेत पुढची जागा तुझ्या वाट्याला येणार हे धरून चाल. उजव्या हाताने ड्रायव्हरच्या मागचा दांडा धरायचा, डावा गुडघा आत ओढून घ्यायचा, कारण शेजारून जाणारी बस तो मोजूनच जाते. आणि सुट्टे पैसे! खिशात दहा-वीसच्या नोटा नसतील तर रिक्षात बसू नकोस. शंभराची नोट दिलीस की ड्रायव्हर आधी नोटेकडे बघतो, मग तुझ्याकडे, आणि मग बाकीच्या तिघांना तुझी तक्रार सांगतो. ते तिघेही त्याचीच बाजू घेतात.

बसमध्ये चढायचंच असेल तर दुपारी, गर्दी नसताना. कंडक्टर नोटा उभ्या घडी घालून बोटांत खोवतो, तिकिटांचा गठ्ठा अंगठ्याने करकर वाजवत गर्दीतून येतो आणि बाई उतरायची असली की ‘आस्ते लेडीज!’ म्हणून पत्र्यावर थाप मारतो. ड्रायव्हर तेवढ्यापुरता हळू होतो. पुरुषांसाठी तेवढंही होत नाही, म्हणून उतरताना डावा पाय आधी टाक आणि तोंड बस जाते त्या दिशेला ठेव. अजून एक गंमत. इथले बरेच रस्ते सकाळी एका दिशेने एकेरी असतात आणि दुपारनंतर उलट्या दिशेने. सकाळी ज्या थांब्यावर उतरलास तिथूनच परतीची बस मिळेल असं समजू नकोस, कोपऱ्यावरच्या पानवाल्याला विचार. तो नुसता रस्ता सांगणार नाही, दोन पावलं बरोबर येऊन दाखवेल. या बाबतीत हे शहर पुण्यापेक्षा कैक पटींनी मायाळू आहे, हे तू वहिनींच्या माहेरी बोलू नकोस म्हणजे झालं.

दिवसाची आखणी करताना एक लक्षात ठेव, इथे डिसेंबरात पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. आपल्याकडे तेव्हा कुठे चहा होतो. म्हणून सकाळी लवकर बाहेर पडा. २२ला सोमवार आहे, त्या दिवशी इंडियन म्युझियम आणि व्हिक्टोरिया मेमोरियलची दालनं दोन्ही बंद असतात. तो दिवस काकूंना द्या. सकाळी मेट्रोने दक्षिणेश्वर, राणी रासमणीने १८५५ला उभारलेलं कालीचं देऊळ. तिथल्याच घाटावरून होडीने बेलूर मठ. पण दुपारी दोन्ही ठिकाणी दारं बंद असतात, मधे तीनेक तास काकूंना कुठे बसवायचं ते आधी ठरव. मी म्हणेन, दक्षिणेश्वर सकाळी उरकून खोलीवर या, जेवा, झोपा. बेलूर दुसऱ्या दिवशी. एका दिवसात उत्तर आणि दक्षिण दोन्ही टोकं गाठायला गेलात की कुठलंच धड होत नाही.

कालीघाटला पंडे मागे लागतील. दक्षिणा किती द्यायची ते आधीच मनाशी ठरवा आणि कुणाच्या हाती ताट देऊ नका, एवढं बस. आणि काकूंना गंगासागर या खेपेला जमणार नाही असं आत्ताच सांग. काकद्वीपपर्यंत रस्ता, तिथून मुडीगंगा ओलांडायला फेरी, पलीकडे पुन्हा बेटावरचा रस्ता. त्यातच दिवस जातो आणि त्यांना तो सोसणार नाही.

फेरीबोटीत मात्र त्यांना नक्की बसव. हावडा ते बाबूघाट किंवा वर बागबाजार, तिकीट अगदी नगण्य. फक्त भरती-ओहोटीचा अंदाज घे. पाणी उतरलेलं असलं की जेट्टीकडे जाणारा लोखंडी पूल घसरगुंडीसारखा तिरका होतो आणि गुडघे दुखणाऱ्या माणसाला तो नको होतो. हावडा पुलाच्या पायथ्याशी मल्लिकघाटाचा फुलबाजार सकाळी गाठ. झेंडूचे हार माणसाच्या उंचीचे, दोरखंडासारखे वेटोळे करून हमाल डोक्यावरून नेतात आणि ‘बाजूला, बाजूला’ म्हणत अंगावरून जातात. तिथे मधे उभं राहून फोटो काढू नकोस, शिव्या बसतील आणि त्या योग्यच असतील.

तुझ्यासाठी खास एक दुपार राखून ठेवलीय, बागबाजारची. नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजा भास्करपंत कोल्हटकरांबरोबर बंगालवर चालून आल्या, तेव्हा घाबरलेल्या कलकत्त्याने १७४२ला शहराभोवती खंदक खणायला घेतला. पंत इकडे आलेच नाहीत. १७४४ला बंगालचा नवाब अलिवर्दीखान याने त्यांना बोलणीला बोलावून मारलं. खंदक अर्धवट राहिला, पुढे बुजवला आणि त्याच्यावरून सर्क्युलर रोड गेला. बागबाजारात मराठा डिच लेन नावाची गल्ली अजून आहे. तिथे कुणी ‘कुठून आलात’ विचारलं तर सांग महाराष्ट्रातून. ‘बर्गी!’ म्हणून हसतील, तेव्हाच्या मराठी स्वारांना इथे हेच नाव आहे. इथल्या अंगाईगीतांतून आपण अजून पोरांना घाबरवतो, तेव्हा तूही हसून घे. तिथून पायीच कुमारटुलीला, मूर्तिकारांच्या वस्तीत जा. डिसेंबरात सरस्वतीच्या मूर्तींची तयारी चालू असते. बांबूच्या सांगाड्यावर सुतळीने आवळलेला पेंढा, त्यावर मातीचा पहिला हात आणि मान अजून बसवायची राहिलेली, अशा मूर्ती गल्लीत दोन्ही बाजूंना ओळीने उभ्या असतात.

खाण्याचं. तुम्ही दोघं मासे खाता म्हणून चिंता नाही. न्यू मार्केटजवळ जानबाजारात सिद्धेश्वरी आश्रम म्हणून जुनं पाइस हॉटेल, म्हणजे साधी खाणावळ आहे. तिथे प्रत्येक वाटीचे वेगळे पैसे, केळीच्या पानाचेही वेगळे. काकूंसाठी मात्र ‘निरामिष’ (म्हणजे शाकाहारी) असं स्पष्ट सांगा, कारण इथे डाळीतही माशाचं डोकं असू शकतं. त्यांना सकाळी कचुरी आणि बटाट्याची भाजी आवडेल, दुपारी बडाबाजारकडे मारवाडी भोजनालयं आहेत. आणि नोलेन गुडाचा संदेश, ही इथली मिठाई. खजुराच्या रसाचा हा गूळ फक्त हिवाळ्यात मिळतो, तुम्ही अगदी मोक्यावर येताय. तू कोल्हापूरचा, गुळाच्या बाबतीत नाक मुरडशील हे माहीत आहे. खा आणि मग बोल.

ट्राममध्ये बसायची तुझी फार इच्छा आहे, तर ती पहिल्याच दोन दिवसांत भागव. १८७३ पासूनची ही ट्राम आता मोजक्याच मार्गांवर उरलीय आणि सरकारला तीही नकोशी झालीय. गरियाहाट ते एस्प्लनेड आधी बघ. वेळेचा भरवसा नाही, तेव्हा कुठे वेळेवर पोचायचं असेल तर तिच्यात बसू नकोस.

२५ला व्हिक्टोरिया आणि प्राणिसंग्रहालय दोन्ही टाळूया, पाय ठेवायला जागा नसते. त्या दिवशी दुपारपर्यंत खोलीवर आराम, संध्याकाळी मी येतो. न्यू मार्केटमध्ये नाहूमची बेकरी आहे, १९०२ची, ज्यू कुटुंबाची. फ्रूटकेकसाठी रांग लागते, ती मी आदल्या दिवशीच लावून ठेवीन.

तिघांचीही आधार कार्डं मूळची आण, झेरॉक्सवर काही गेस्ट हाऊसवाले खोली देत नाहीत. वहिनींना आणि काकूंना नमस्कार. खोली ठरली की लगेच पत्ता पाठव, मी रविवारी स्वतः जाऊन जिना आणि खिडकी बघून येतो.

तुझाच,
बाळ्या

ता.क. काकूंच्या हातचा कांदा-लसूण मसाला अर्धा किलो. डबा प्लास्टिकचा नको, स्टीलचा आण, मागच्या वेळचा गाडीत सांडला होता.