तपकीर गल्लीतल्या काकांना

ती. काका,
सा. न. वि. वि.

तुम्हाला पत्र लिहायचं म्हणजे धास्तीच. दुकानात कोणी थँक्यू म्हणालं की "पैसे द्या, तेवढं पुरे" हे तुमचं ठरलेलं उत्तर. आमच्याकडून तर तेही घेतले नाहीत. म्हणून हे असं चारचौघांत. नातू वाचून दाखवेल तेव्हा चष्मा शोधायचं निमित्त करून उठू नका.

२०१३ चा ऑगस्ट होता. दुसऱ्या दिवशी आमच्या बँडचा पहिला कार्यक्रम, आणि तालमीत ॲम्पमधून (गिटारचा आवाज मोठा करणारा डबा) जळका वास आला. रेनकोट ॲम्पला, आम्ही भिजत, असे तपकीर गल्लीत पोचलो. दोन दुकानांत "नवीन घ्या" ऐकून झालं होतं. तुमच्या दारावर पाटी : 'वस्तू उघडून आणू नये.' मी उघडूनच आणली होती. तुम्ही पाटीकडे बोट केलं, मग विचारलंत, "स्क्रू किती निघाले?" म्हटलं, आठ. तुम्ही माझा रुमाल सोडून मोजलेत. सात होते.

मला वाटलं आता हाकलणार. तुम्ही स्टूल पुढे सरकवलंत आणि मीटर माझ्या हातात दिलात. दोन ३०५५ ट्रान्झिस्टरपैकी एक गेलेला निघाला. तो मी बदलला, सोल्डर मारलं, मोठ्या ऐटीत स्विच दाबला आणि फट्! फ्यूज उडाला. तुम्ही दुसऱ्या कोणाचा तरी मिक्सर उघडून बसला होतात. मान वर न करता म्हणालात, "अभ्रक कुठंय?"

वीज अडवणारी अभ्रकाची ती पातळ चकती टेबलावर तशीच पडली होती. ३०५५ ची धातूची टोपी हाच त्याचा कलेक्टर, म्हणजे सप्लाय जोडलेलं टोक. चकती न घालता तो हीटसिंकवर (उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या पट्टीवर) आवळला की सप्लाय थेट बॉडीला, म्हणजे शॉर्ट. हे इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला मी लिहून मार्क मिळवले होते, बरं का.

दुसरा ट्रान्झिस्टर तुम्ही दिलात. उष्णता वाहून नेणारी पेस्ट लावायला लावलीत, "चपातीला तूप लावतात तेवढीच, पुरणपोळीला लावतात तेवढी नको." रात्रीचे साडेनऊ झाले होते, शटर अर्धं खाली.

तेवढ्यात विचारलंत, वाजवता काय तुम्ही? मी फोनवर 'बोअरडम' लावलं. बझकॉक्स, मँचेस्टरचा पंक बँड, त्यांचं गाणं. त्यातली गिटारची सोलो दोन सुरांची आहे. तेच दोन, पुन्हा पुन्हा. सवाईचं सीझन तिकीट कधी न चुकवणारे तुम्ही, म्हणालात, "आमच्याकडे पाच सुरांखाली राग धरत नाहीत. हा दोनात भागवतोय." मग थोड्या वेळानं, "पण लपवत नाहीये."

याहून नेमकं परीक्षण मी अजून वाचलेलं नाही. त्या रात्री घाईत सांगायचं राहिलं ते आता सांगतो. त्या बँडचे हॉवर्ड डिव्होटो आणि पीट शेली हे दोघे बोल्टनच्या इन्स्टिट्यूटमधले विद्यार्थी. लंडनच्या आसपास जाऊन त्यांनी सेक्स पिस्टल्स हा तिकडचा पंक बँड ऐकला आणि ४ जून १९७६ ला त्यांना मँचेस्टरच्या लेसर फ्री ट्रेड हॉलमध्ये बोलावलं. तिकीट ५० पेन्स. गंमत अशी, की आधी स्वतः वाजवायचं ठरवून त्यांचाच बँड तयार झाला नाही, दुसऱ्या कोणालातरी बसवावं लागलं. प्रेक्षक जेमतेम चाळीसेक. पुढे "मी होतो तिथं" म्हणणारे हजारो निघाले. पुण्यात राहणाऱ्याला हे वेगळं समजावायला नको. पण खरोखर जे होते त्यातल्या पीटर हुकनं दुसऱ्या दिवशी बास गिटार विकत घेतली, आणि त्यातून पुढे जॉय डिव्हिजन हा बँड झाला. बझकॉक्स स्वतः तिथल्या स्टेजवर आले ते २० जुलैला, पिस्टल्स पुन्हा आले तेव्हा.

मग २८ डिसेंबरला एका दिवसात चार गाणी रेकॉर्ड केली. रेकॉर्ड काढायला ५०० पौंड मित्रांकडून आणि घरच्यांकडून उसने, स्वतःचं लेबल, पहिल्या फक्त १००० प्रती. 'स्पायरल स्क्रॅच' नावाची ती रेकॉर्ड जानेवारी १९७७ मध्ये आली आणि पुढे सोळा हजारांपर्यंत खपली. रेकॉर्ड करणारा मार्टिन हॅनेट नंतर जॉय डिव्हिजनच्या रेकॉर्ड करू लागला. एवढं सगळं व्हायला लंडनला जावं लागलं नाही, हेच त्या गावातल्या पोरांना कळलं.

मला सगळ्यात आवडतं ते कव्हर. कुठलं गाणं कितव्या टेकला (प्रयत्नाला) झालं ते त्यावर छापलंय. 'ब्रेकडाउन' तिसऱ्या, 'बोअरडम' पहिल्याच. म्हणजे कव्हरच्या रूपानं ॲम्पचं झाकण उघडून ठेवलेलं. शेली तर वरचा तुकडा उडालेली स्वस्तातली गिटार तशीच वाजवायचा. तुम्ही त्याला म्हणाला असतात, फेव्हिकॉल कशाला, सूर लागतोय ना?

आमची चार गाणी आम्ही तुमच्या पोटमाळ्यावर केली. सीडीच्या कागदावर 'पीएमपी' या गाण्यापुढे लिहिलंय : 'तिसरा टेक, मधला ठोका खालच्या दुकानातला.' शंभर काढल्या, एकोणसाठ गेल्या. उरलेल्या आईनं पेरूच्या झाडाला पक्षी हाकलायला टांगल्या. (आवाजापेक्षा चकाकी बरी, असं तिचं मत.)

बँड दोन वर्षांत मोडला. पण पैसे विचारले तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, "पुढच्या कोणाचा जळला तर तू करून दे." ते मी धरून ठेवलं. आत्तापर्यंत अकरा ॲम्प झाले. त्यांच्या मालकांपैकी दोघे आता स्वतःच खोलतात आणि दुसऱ्यांचे करून देतात. एकाच्या सिंहगड रोडच्या पार्किंगमध्ये दर महिन्याला कोणीतरी वाजवतं, सोसायटीची तक्रार येईपर्यंत.

डिसेंबर २०१८ मध्ये शेली गेला तेव्हा मी दुकानावरून जाता जाता सांगितलं होतं. तुम्ही विचारलंत, "तो दोन सुरांवाला?" आणि सोल्डरिंग आयर्न स्टँडवर ठेवलंत. गिऱ्हाईक उभं असताना तुम्हाला ते ठेवताना मी एरवी पाहिलेलं नाही.

आभारी आहे, काका. एकदाच म्हणतो.

एक काम आहे. सोमवारी वडगावची एक मुलगी बासचा ॲम्प घेऊन येईल. माझ्या आवाक्यातला नाही, ट्रान्सफॉर्मरचं काहीतरी आहे. उघडूनच आणेल. स्क्रू मोजून दिलेत, आठ. अभ्रकाचं विचारू नका, मी आधीच विचारलंय.

तुमचा,
सात स्क्रूवाला